सोलापूरच्या उन्हात घरच्या टाकीत कठीण प्रवाळ: ओळखायचं कसं, जपायचं कसं

टाकी बघायला कुणी घरी आलं की पहिला प्रश्न रंगाचाच असतो, तो हिरवा कुठला, तो जांभळा केवढ्याचा. मीपण सुरुवातीला रंगावरच गेलो होतो आणि त्यात दोन चांगली कोरल (प्रवाळं) घालवली. माझा मामा एमआयडीसीत चादरीचं सूत रंगवायच्या डाय हाऊसला कित्येक वर्षं होता, त्यानं माझी टाकी पहिल्यांदा बघितली तेव्हा रंगाबद्दल एक शब्द काढला नाही, एवढंच विचारलं, "पाणी कुठलं वापरलालास बे? आमच्याकडं आधी पाणी बघतेत, रंग मग." तो सुताबद्दल बोलत होता, पण कोरलचं पण अगदी तसंच आहे. पाणी आणि तापमान रोज सारखं राहिलं तर रंग आपोआप येतो, आणि ते हललं तर महागडा लाइट लावून पण काही होत नाही.

मी तीन बाय दीड बाय दीड फुटाच्या टाकीचा अनुभव सांगतोय, म्हणजे साधारण १९० लिटर, दगड वगैरे धरून खरं पाणी १७० च्या आसपास. तुमची टाकी लहानमोठी असेल तर आकडे त्या हिशोबानं बदलून घ्या.

पायरी १: आधी कागद

हे मी मुद्दाम सगळ्यात वर टाकतोय. आपल्या समुद्रातली सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, २००१ पासून, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला. मालवण असो, लक्षद्वीप, अंदमान, कच्छचं आखात नाहीतर मन्नारचं आखात, तिथून जिवंत काय, मेलेला पांढरा तुकडा पण किनाऱ्यावरून उचलून आणायचा नाही. बाहेरच्या देशातली कठीण प्रवाळं पण साइटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये येतात, त्यांच्या आयातीला परवाने लागतात. त्यामुळे विकणाऱ्याकडं आयातीचे कागद आणि पक्कं बिल मागा आणि ते घेऊन आधी वनविभागाच्या ऑफिसात जाऊन लेखी विचारून घ्या, मग पैसे द्या. "कागद नंतर पाठवतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. कागद होत नसतील तर कोरल घेऊच नका, नुसत्या माशांची समुद्री टाकीपण फार सुंदर दिसते आणि खाली पाण्याबद्दल आणि उन्हाळ्याबद्दल जे लिहिलंय ते तिला पण लागू आहे.

पायरी २: हे नक्की काय आहे ते ओळखा

कठीण प्रवाळ म्हणजे झाड नाही, दगड पण नाही, तो प्राणी आहे. छोटे छोटे पॉलिप, प्रत्येकाला मध्ये तोंड, भोवती शुंडकं (बारीक सोंडेसारखी बोटं), आणि खाली तो स्वतः पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुनखडीचं हाड बांधत बसतो. त्याच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि कोरलला बहुतेक खाणं त्याच्याकडूनच मिळतं. मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळं वेगळं बरं का, ते आठ शुंडकांच्या कुळातलं, आपण बोलतोय ती सहाच्या पटीतली.

हा आठ आणि सहाचा फरक मला महागात पडला होता. दुकानातून ग्रीन स्टार पॉलिप म्हणून एक हिरवा तुकडा आणला, ग्रीन स्टार पॉलिप मऊ कोरल, कुणाला फारसा त्रास देत नाही, म्हणून कँडी केन या कठीण कोरलच्या शेजारी ठेवला. चार दिवसांनी सकाळी बघतो तर कँडी केनची तीन डोकी अर्धी विरघळलेली. रात्री लाइट बंद करून टॉर्च मारली तेव्हा दिसलं, त्या हिरव्या तुकड्यातून बोटभर लांब पांढरे धागे निघून पाण्यात फिरत होते. ती गॅलॅक्सिया होती, सगळ्यात जास्त डंख मारणाऱ्या कठीण कोरलपैकी एक. शुंडकं मोजली असती तर तिथंच कळलं असतं, मऊवाल्यांना आठ असतात आणि त्यांना पिसासारख्या कडा असतात, आणि गॅलॅक्सियाचा पॉलिप आत गेला की खाली चांदणीसारखं धारदार हाड दिसतं. तेव्हापासून माझा नियम, नाव दुकानदाराचं ऐकायचं पण विश्वास हाडावर ठेवायचा.

ओळखायला तीन वेळा बघा. दिवसा पॉलिप उघडा असताना, रात्री टाकीचा लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी, आणि तिसरं म्हणजे तो आकसलेला असताना, कारण तेव्हाच हाडाची ठेवण दिसते. पांढऱ्या लाइटखाली बघा, निळ्या एलईडीखाली सगळंच चमकतं. रंगावरून जात ओळखू नका, एकच कोरल एका टाकीत जांभळं आणि दुसऱ्या टाकीत तपकिरी असतं.

हॉबीवाले दोन गट करतात, मोठ्या पॉलिपवाले एलपीएस आणि छोट्या पॉलिपवाले एसपीएस. ही शास्त्रातली वर्गवारी नाही, पण काळजी कशी घ्यायची ते ठरवायला कामाची आहे.

एलपीएसमध्ये सगळ्यात जास्त दिसतात ते टॉर्च, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन. शुंडकाचं टोक बघायचं बस. टॉर्चचं शुंडकं लांब, सरळ आणि टोकाला एकच गोल मणी. हॅमरचं टोक हातोडीसारखं नाहीतर नांगरासारखं आडवं. फ्रॉगस्पॉनचं शुंडकं फाटे फुटलेलं आणि प्रत्येक फाट्याला मणी, बेडकाच्या अंड्यांचा पुंजका असतो तसा. आधी तिघं युफायलिया या एकाच नावाखाली होते, २०१७ मध्ये हॅमर आणि फ्रॉगस्पॉन फिम्ब्रियाफायलिया झाले, टॉर्च युफायलियाच राहिला. हे नावापुरतं नाही, टाकीत पण टॉर्च बाकी दोघांना डंख मारतो, ते दोघं मात्र एकमेकांना बऱ्यापैकी सहन करतात. या तिघांत अजून एक बघायचं, खालचं हाड फांद्यांचं आहे का सलग भिंतीसारखं. नवीन माणसानं फांद्यांचंच घ्यावं, एक डोकं सडलं तर फांदी तोडून बाकीचं वाचवता येतं, भिंतवाल्यात एका टोकाला लागलेली सड सरळ दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

कँडी केन म्हणजे फांदीच्या टोकाला तुतारीच्या तोंडासारखी फुगीर डोकी, त्यावर पट्टे. डंकन पण नळ्यांचाच, पण उघडला की मध्ये सपाट चकती आणि कडेनं शेवंतीसारख्या पाकळ्या. नवशिक्याला हे दोनच सांगेन, दोन्ही माफ करणारे आहेत.

गोल दगडासारखी, खोल्याखोल्यांची कोरल असतात त्यात फेव्हिया आणि फेव्हायटिस असा गोंधळ कायम होतो. दोन खोल्यांच्या मधली भिंत बघा. चाळीसारखी दोघांत एकच भिंत असेल तर फेव्हायटिस, आणि बंगल्यासारखी प्रत्येकाची आपापली भिंत आणि मधून बारीक चर जात असेल तर फेव्हिया, ज्याला आता बरेच जण डिप्सॅस्ट्रिया म्हणतात. दोघांची काळजी सारखीच, रात्री दोघंही लांब धागे काढतात.

गोनियोपोरा आणि अल्विओपोरा लांब देठावरची फुलं असतात तसे दिसतात, तिथं पाकळ्या मोजायच्या, २४ असतील तर गोनियोपोरा, १२ असतील तर अल्विओपोरा. फुलासारखे मोहक असले तरी पहिल्या वर्षात घेऊ नका, महिनोन् महिने छान दिसून हळूहळू आटत जातात. आणि भगव्या रंगाचं सन कोरल दिसलं तर लक्षात ठेवा की त्याच्यात ते शैवाल नसतं, त्याला उजेड नको, पण प्रत्येक तोंडाला हातानं खाऊ घालावं लागतं, कायम.

एसपीएसमध्ये ॲक्रोपोराची खूण फांदीच्या टोकाला. प्रत्येक फांदीच्या शेंड्यावर एक स्वतंत्र, जरा मोठं छिद्र असतं, तिथून फांदी वाढते. मॉन्टिपोराला तसं शेंड्याचं छिद्र नसतं, पृष्ठभाग बारीक खरखरीत, आणि आकार ताटलीचा, बोटांचा नाहीतर दगडावर पसरलेला. पोसिलोपोराच्या फांद्यांवर चामखिळीसारखे उंचवटे असतात. बर्ड्सनेस्टच्या फांद्या सुईसारख्या निमुळत्या आणि पॉलिप ओळीत बसलेले. सुरुवात मॉन्टिपोरापासून, ॲक्रोपोरा सगळ्यात शेवटी.

पायरी ३: पाणी

नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको, त्यामुळे बॅरल भरून ठेवायची सवय आपल्याला आहेच, ती इथं कामाला येते. पण ते पाणी, उजनीचं असो का बोअरचं, सरळ टाकीत घालायचं नाही. क्षार, क्लोरीन, नायट्रेट, पाइपमधले धातू, सगळं येतं. घरच्या पिण्याच्या आरओचं पण थेट चालत नाही, त्यात चव यावी म्हणून थोडे क्षार परत मिसळलेले असतात. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारे मणी) एक डबा जोडायचा आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. दोन-तीन दिसायला लागलं की रेझिन बदलायचं. आपल्याकडच्या जड पाण्यात रेझिन लवकर संपतं, म्हणून आधी आरओचा मेम्ब्रेन (आतली गाळणी) चांगला ठेवा, स्वस्तात तेच पडतं. एक लिटर चांगलं पाणी काढताना तीन-चार लिटर बाहेर जातं, ते ड्रममध्ये धरा, फरशीला, संडासला वापरा, आपल्या गावात ते गटारात सोडणं बरोबर नाही.

मीठ म्हणजे रीफचं सिंथेटिक मीठच, १०० लिटरला साधारण साडेतीन ते पावणेचार किलो, खारटपणा ३५ पीपीटी (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) म्हणजे घनता १.०२६ च्या आसपास. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घेतलात तर ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणानं जुळवा, नुसत्या साध्या पाण्यानं शून्य जुळवून वरचा आकडा चुकू शकतो. मीठ आदल्या दिवशी पंप लावून विरघळवा. आणि बादली, मग प्लास्टिकचाच. तांब्या-पितळेची भांडी या कामात अजिबात नको, तांबं कोरलला आणि कोळंबीला विष आहे, माशांच्या काही औषधात पण ते असतं.

टाकी भरली की लगेच कोरल नाही. कोरड्या दगडावर जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबायचं. त्यानंतर मासे थोडे, एलपीएस तीन-चार महिन्यांनी, ॲक्रोपोरा वर्षानंतर. हे मी पाळलं नव्हतं, पहिली दोन गेली त्यातलं एक याच्यातच.

पायरी ४: उन्हाळा

आपली खरी परीक्षा हीच. कोरलला २५ ते २७ अंश हवं, आणि आपल्याकडं मेमध्ये बाहेर ४३-४४. समुद्रात नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एक-दोन अंश जास्त काही आठवडे राहिलं तरी कोरल आतलं शैवाल बाहेर टाकून पांढरी पडतात, यालाच ब्लीचिंग म्हणतात, १९९८ ला, २०१६ ला तसं झालं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये जगातल्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची घोषणा झाली, लक्षद्वीपच्या कोरलना पण झळ लागली. तिथं एवढा मोठा समुद्र असून ही अवस्था, तर १९० लिटरचं काय.

चांगली गोष्ट ही की आपली हवा कोरडी आहे. कूलर आपल्याकडं चालतो आणि मुंबईत चालत नाही, तेच कारण. पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका पंखा लावला की पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. किती, ते बघा, माझ्या टाकीतून एक लिटर पाणी उडालं की साधारण तीन अंश उतरेल एवढी उष्णता जाते. आणि लोक बर्फाच्या बाटल्या टाकतात ना, एक लिटरची गोठवलेली बाटली त्याच टाकीत जेमतेम अर्धा अंश उतरवते. म्हणजे एक लिटर उडालेलं पाणी पाच-सहा बाटल्यांएवढं काम करतं. बाटल्या इमर्जन्सीला फ्रीजरमध्ये असू द्या, पण भरवसा पंख्यावर ठेवा, काचेचं झाकण काढून जाळी लावा, आणि पंख्याला तापमानाचा कंट्रोलर जोडा, २६ वर चालू, २५.५ ला बंद.

पण पाणी उडतं, मीठ नाही. मेमध्ये माझ्याकडं दिवसाला पाच-सहा लिटर उडतं, तेवढं भरलं नाही तर एका दिवसात खारटपणा ३५ चा ३६ होतो. भरायचं ते गोडं, शून्य टीडीएसचं, मिठाचं नाही. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घ्या, हे सोलापुरात लाइटच्या आधी घ्यायचं यंत्र आहे. जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्याचा जोर कमी होतो, तो पंधरा दिवसांचा काळ मला मेपेक्षा अवघड जातो. एसी नसेल आणि ॲक्रोपोरा ठेवायची असेल तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागणारच, आणि चिलर त्याच बंद खोलीत ठेवू नका, तो गरम हवा तिथंच सोडतो, गॅलरीत ठेवून पाइप आत घ्या.

लाइट जाणं हा दुसरा भाग. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी दुपारी चार तास लाइट नव्हती, मी गावाला, घरी आई एकटी, संध्याकाळी पाणी ३१.५. हॅमरची सहातली चार डोकी त्या आठवड्यात गेली. त्यानंतर मी घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) आणि पंखे टाकले, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नाही, हीटर नाही, लाइट नाही. वेव्हमेकर खातो किती, दहा-पंधरा वॅट, रात्रभर चालतो. पाणी हललं की प्राणवायू मिळतो, आधी मासे वाचतात, मग कोरल. इन्व्हर्टर साइन वेव्हचा बघा. आणि आईला एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, लाइट गेली तर काय काय बघायचं, बर्फाच्या दोन बाटल्या कुठं सोडायच्या. हे घरात एकाला तरी माहीत पाहिजे.

वायरी बोर्डाच्या खालून वळसा घेऊन मग वर बोर्डाला जाऊ द्या म्हणजे ओघळ बोर्डात जाणार नाही, आणि त्या लाइनला ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. खारं पाणी आणि करंट, इथं काटकसर नको.

पायरी ५: उजेड आणि लाटा

हे थोडक्यात. एलपीएसला पार (कोरलला कामाला येणाऱ्या उजेडाचं माप) ५० ते १५०, एसपीएसला २०० ते ३५०. पार मीटर महाग असतो, कुणाकडं असेल तर एक दिवस मागून आणा, टाकीतल्या दहा जागा मोजून कागदावर लिहून ठेवा, पुन्हा लागत नाही. निळा जास्त, पांढरा कमी, दिवसाला आठ ते दहा तास टायमरवर. नवीन कोरल आधी खाली सावलीत, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर. खिडकीतलं थेट ऊन टाकीवर येऊ देऊ नका, शेवाळ आणि उष्णता दोन्ही वाढतात.

प्रवाह एलपीएसला मध्यम, शुंडकं संथ डोलली पाहिजेत, एकाच बाजूला आडवी पडलेली दिसली तर जास्त आहे. एसपीएसला जोराचा आणि दिशा बदलणारा, फांद्यांमध्ये घाण साचता कामा नये.

पायरी ६: घरी आणताना

पुण्याहून आणायचं तर अडीचशे किलोमीटर, थर्माकोलच्या बॉक्समध्ये, रात्रीच्या वेळी. मी संध्याकाळच्या हुतात्मानं आणतो, दुपारच्या गाडीत डिकीत कधीच नाही. घरी आल्यावर बंद पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळलं की उघडा आणि मग रेंगाळू नका. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साचतो, बंद असताना पीएच उतरलेला असल्यानं तो फार जाळत नाही, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसणं इथं उलटं पडतं. पिशवीतलं पाणी टाकीत घालायचं नाही.

तीन टब घ्या, तिन्हीत टाकीचं पाणी. पहिल्यात कोरल डिप (किडे मारायचं औषध), बाटलीवर लिहिलंय तेवढाच डोस आणि तेवढाच वेळ, ड्रॉपरनं फांद्यांवर हळू फवारा मारत राहायचं, तळाशी काय पडतं ते टॉर्चनं बघायचं. चपटे किडे, मॉन्टिपोरा खाणारे पांढरे न्युडिब्रँक (बिनशंखाच्या गोगलगायी), बारीक लाल किडे. दुसऱ्या-तिसऱ्यात धुवायचं. डिपनं किडे मरतात पण अंडी मरत नाहीत, म्हणून ज्या प्लगवर (बुडाची चकती) आलंय तो शक्यतो काढून टाका, बुडाच्या मेलेल्या भागावर तपकिरी ठिपक्यांची रांग दिसली तर खरवडा, आणि वेगळ्या लहान टाकीत ठेवून दर आठवड्याला एकदा असं तीन-चार वेळा डिप करा. हा कंटाळा मी एकदा केला होता, ताटलीची मॉन्टिपोरा सव्वा महिन्यात कडेपासून पांढरी होत संपली.

दोन कोरलमध्ये वीतभर तरी अंतर सोडा, गॅलॅक्सिया आणि टॉर्चला त्याहून जास्त, आणि त्यांच्यावरून जाणारा प्रवाह दुसऱ्यावर पडत नाही ना बघा. चिकटवायला जेलचा सुपरग्लू चालतो, पाण्यात पण धरतो. मऊवाल्यांसोबत धरले जाणारे झोआ (बटणासारखे पॉलिप) दगडावरून काढायचे झाले तर हातमोजे आणि चष्मा घाला आणि तो दगड कधीही उकळू नका, काहींत पॅलिटॉक्सिन हे जीवघेणं विष असतं.

पायरी ७: केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम

कोरल हाड बांधतं ते पाण्यातूनच, त्यामुळे पाण्यातलं सामान रोज संपतं आणि रोज भरावं लागतं, बांधकामावर सिमेंट-वाळू येत राहावी लागते तसं. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८ ते ९, कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२८० ते १३५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). यातला केएच सगळ्यात पटकन हलतो आणि तो हलला की एसपीएस टोकं जाळून घेतात. ७.५ असला तरी चालेल पण रोज ७.५ पाहिजे, आज ७ आणि परवा १० हे नको.

आधी खप काढा. तीन दिवस काही न घालता रोज रात्री त्याच वेळेला केएच मोजा. समजा ८.५, ८.१, ७.७ आला, तर रोजचा खप ०.४. आता हिशोब सोपा आहे, १०० लिटर पाण्याचा केएच १ नं चढवायला साधारण ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. माझ्या १७० लिटरला ०.४ साठी दोन ग्रॅमच्या आसपास. खायचा सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट, बेकिंग पावडर नाही. आरओच्या पाण्यात विरघळवून जोराच्या प्रवाहात हळू ओता, आणि एका दिवसात एक पॉइंटपेक्षा जास्त कधीच चढवू नका.

कॅल्शियमला १०० लिटरमध्ये १० पीपीएम चढवायला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट साधारण पावणेचार ग्रॅम. सोडा आणि हे एकत्र किंवा पाठोपाठ घालू नका, पाणी दुधासारखं पांढरं होऊन दोन्ही वाया जातं, एक सकाळी आणि एक रात्री ठेवा. हाड बांधताना केएच २.८ संपला की कॅल्शियम २० च्या आसपासच संपतं, त्यामुळे केएच रोज आणि कॅल्शियम आठवड्याला मोजलं तरी भागतं. केएच काही केल्या टिकत नाही असं झालं तर मॅग्नेशियम तपासा, ते फार कमी असेल तर चुना पंपावर आणि हीटरवर बसत जातो.

आणि चुन्याची निवळी. आपल्या आजीच्या वेळेपासून घरात माहीत असलेली गोष्ट, रीफवाले तिलाच काल्कवासर म्हणतात. एक लिटर शून्य टीडीएसच्या पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ढवळून झाकून ठेवायचं, खाली गाळ बसला की वरची निवळ घ्यायची. त्यात कॅल्शियम आणि केएच दोन्ही बरोबर प्रमाणात मिळतात. माझ्या टाकीत एक लिटर निवळीनं केएच ०.६ ते ०.७ चढतो. रोज गोडं पाणी भरायचंच असतं, त्यातलंच थोडं या निवळीचं करायचं, रात्री थेंब थेंब, कारण तिचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतली तर मासे मरतील. डोळ्यात जाऊ देऊ नका. पानाच्या डबीतला चुना वापरायचा नाही, त्याच्यात काय काय असतं ते आपल्या हातात नाही, लॅब ग्रेडचा पुडा मिळतो.

नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. बरेच जण हे दोन्ही शून्य करायला बघतात आणि मग कोरल फिकी पडतात, आतल्या शैवालाला पण खत लागतं. आठवड्याला १० टक्के पाणी बदला, नवीन पाण्याचं तापमान आणि खारटपणा जुळवून.

पायरी ८: खाणं आणि रोजची नजर

एलपीएसला आठवड्यातून एकदा-दोनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), पंप दहा मिनिटं बंद करून पिपेटनं, तोंडापाशी हळू सोडायचं. मोठे तुकडे देऊ नका, रात्री ओकून टाकतात आणि तिथंच सडतं. एसपीएसला वेगळं खाणं दिलं नाही तरी चालतं, मासे खातात-हगतात त्यात त्यांचं भागतं.

टाकीच्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड, फवारा, काही लावू नका. त्यातली द्रव्यं कोळंबी आणि माशांना मारतात आणि टाकीचे पंप खोलीची हवा पाण्यात ओढत असतात. आम्ही खिडक्यांना जाळ्या बसवल्या. शेजारी लूम असेल तर सुताचे तंतू पाण्यावर तवंगासारखे बसतात, स्किमर आणि ओव्हरफ्लो रोज पुसा.

आजाराचं म्हणाल तर तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. पूर्ण कोरल फिकं, पण मांस जागेवर आणि शुंडकं हलतायत, ते ब्लीचिंग, मेलेलं नाही. उजेड कमी करा, तापमान आणा, थोडं थोडं खाऊ घाला, मी डंकन असा अडीच महिन्यांत परत आणलाय. बुडापासून किंवा टोकापासून मांस सोलून पांढरं हाड दिसायला लागलं, ती सड, एसपीएसमध्ये कधी कधी एका रात्रीत सगळं जातं, तिथं वाट बघू नका, चांगल्या भागातून बोटभर आत बोन कटरनं तोडा आणि तो तुकडा वेगळा लावा. तिसरं, टॉर्च-हॅमरवर तपकिरी शेंबडासारखा थर आणि घाण वास, ती ब्राऊन जेली. ते डोकं टाकीत झटकू नका, बारीक नळीनं थर बाहेर ओढून घ्या, कोरल बाहेर काढून डिप करा, आजारी डोकं फांदीसकट तोडून टाका, हात आणि कटर धुतल्याशिवाय टाकीत परत घालू नका.

यातलं काहीही दिसलं तर पहिल्या पाच मिनिटांत औषध शोधू नका, तापमान, खारटपणा, केएच हे तीन मोजा आणि वहीत मागच्या आठ दिवसांशी ताडून बघा. माझ्या वहीत रोज रात्री साडेनऊला एक ओळ असते, तापमान, केएच, किती लिटर पाणी भरलं. हॅमर गेला त्या आठवड्याची ओळ अजून आहे, आणि त्याच हॅमरच्या उरलेल्या दोन डोक्यांची या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) वेळेला सात झाली ती पण आहे.